स्वप्नाकाकूंचा पडदा

"अजून जरा डावीकडे सरक. ती ओल दिसतेय," आई म्हणाली.

पूर्वी खुर्चीसकट सरकली. खुर्ची शेजारच्या स्वप्नाकाकूंची, मागचा मोरपंखी पडदा त्यांचाच, आणि लॅपटॉप त्यांच्या मुलाचा. चंदनसारच्या चाळीतल्या त्या एका खोलीचा एक कोपरा सकाळपासून असा नटवला होता, जसे काही पाहुणे मुलगी बघायलाच येणार. पाहुणे येणार होते इंग्लंडहून, तेही लॅपटॉपवर. तिथल्या विद्यापीठात पूर्वीला प्रवेश मिळाला होता. शहरांना पाणी कसं पुरवायचं, ते तिला शिकायचं होतं. पण सगळा खर्च देणारी शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर विषय संपला. आजची मुलाखत त्या शिष्यवृत्तीची होती.

"कॉलेजच्या मॅडम म्हणाल्यात, घरची परिस्थिती आहे तशी सांग," पूर्वीने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"मॅडमना बोलायला काय जातंय? माणसं आधी घर बघतात, मग मुलगी. नणंदांची लग्नं काय उगाच जमवली मी? झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि बाबांचं काम सुटलंय, ते तर काढूच नकोस. परक्यांपुढे बापाची शोभा करायची नाही."

बाबा दारात उभे होते. ते कॅमेऱ्यात दिसणार नव्हते, तरी इस्त्रीचा शर्ट खोचून, भांग पाडून तयार होते. दिवाळीत कारखान्याला टाळं लागल्यापासून तो शर्ट बाहेर निघालाच नव्हता. आईचं मोत्यांच्या माळा ओवायच्या कामाचं पोतं, गॅस, अंथरुणं, पाण्याचा ड्रम, सगळा संसार लॅपटॉपच्या पलीकडे लोटला होता, कॅमेऱ्याच्या आड.

स्क्रीनवर पिकल्या केसांच्या एक बाई आल्या. बोलणं सगळं इंग्रजीत, पण आवाज मायेचा. जगात कितीतरी हुशार मुलांपुढे पैशांअभावी उच्च शिक्षणाचं दार उघडतच नाही, ते उघडावं म्हणून आमची धडपड आहे, असं त्यांनी सांगितलं. मग पूर्वीच्या मागे बोट दाखवून हसल्या. "किती सुरेख घर आहे तुमचं! आणि तो पडदा!"

आईला इंग्रजी कळत नव्हतं, पण बोट कुठे गेलं ते कळलं. तिने बाबांना कोपराने ढोसलं.

पाण्याविषयीच्या प्रश्नांना पूर्वी भराभर उत्तरं देत गेली. जमिनीखालचं पाणी, गळके पाइप, नळ सगळीकडे सारखा का वाहत नाही. बाई मान डोलवत लिहून घेत होत्या. तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला आणि सगळी चाळ धावली. ड्रम आपटू लागले, नळ्या ओढल्या गेल्या, कुणीतरी कुणाची तरी आई-बहीण काढली. आई अर्धवट उठली आणि परत बसली. त्यांचा ड्रम पूर्वीच्या समोरच होता, कोरडा ठाक.

"हा कसला गोंधळ?" बाईंनी विचारलं.

लॅपटॉप नुसता फिरवायचा होता. उघड्या दारातून रांग दिसत होती, टँकर दिसत होता. पूर्वीचा हात स्क्रीनच्या कडेला गेलासुद्धा. आईने जोरजोरात मान हलवली. नको.

"शेजारी लग्न आहे," पूर्वी म्हणाली.

'वेडिंग' एवढा शब्द आईला कळला. शाबास पोरी, अशा नजरेने तिने पाहिलं.

"वडील काय करतात?"

पूर्वीने लॅपटॉपवरून पलीकडे पाहिलं. 'फादर' शब्द ऐकून बाबांनी हात पुढे बांधले होते, शाळेत उभं केल्यासारखे. त्यांच्याकडे बघत खरं सांगणं तिला जमेना.

"मॅनेजर आहेत."

बाबांची मान जराशी ताठ झाली.

"छान. मग मला एवढंच सांगा, ही मदत मिळाली नाही, तर तुम्ही काय कराल?"

या प्रश्नाचं उत्तर तिने कितीदा घोकलं होतं. आईसोबत माळा ओवायला बसेन, एवढंच ते होतं. समोर आई होती, बाबा होते, हात पुढे केला तर लागले असते. तरी एवढं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"घरचे बघतील काहीतरी," ती म्हणाली.

"हे ऐकून खरंच बरं वाटलं," बाई मनापासून म्हणाल्या. "सगळ्यांचं नशीब असं नसतं, बाळा."

मुलाखत संपली. बाहेर टँकरही रिकामा होऊन निघून गेला होता.

"काय म्हणाल्या गं?" आई आधीच खिळ्यावरून पडदा उतरवत होती.

"घर छान आहे म्हणाल्या."

"बघ! मी काय सांगत होते!" पडदा हातावर टाकून आई तशीच शेजारी गेली. "स्वप्नाताई, घर पसंत केलं हो त्यांनी!"

बाबांनी रिकामा ड्रम उचलला. "मॅनेजर म्हणालीस ना गं?"

"हो."

"बरं केलंस." दाराशी थांबून त्यांनी शर्ट पुन्हा नीट खोचला आणि दुसरा टँकर कुठे थांबलाय ते बघायला गेले.

पूर्वी खुर्चीवरच बसून राहिली. लॅपटॉपच्या काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. त्याच्यामागे ओलीने पोपडे आलेली भिंत आणि पडद्याचे दोन खिळे. आता सगळं नीट दिसत होतं. पलीकडे कोणी नव्हतं.