भरलेला फोन

या, असे जवळ सरका. छोटीशीच गोष्ट आहे, आजचीच. ऐकताना माझा ऊर भरून आला. तुमचंही तसंच होईल.

काकांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पुतणी काउंटरला टेकून उभी होती. वडिलांचा फोन तिनं काकांपुढे सरकवला. "हृदयाच्या तपासणीचा जुना रिपोर्ट बाबांच्या मेलमध्ये आहे. तो बघितल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नाहीत. आणि हा फोन म्हणतोय, जागाच नाही. पासवर्ड बाबांना आठवत नाही, म्हणून दुसरीकडे उघडताही येत नाही."

काकांनी फोन घेतला. भाऊ कसा आहे, हे विचारलं नाही. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून दोघांत वाकडं आलं, ते सरळ झालंच नव्हतं.

"तुम्ही दवाखान्यात येता ना, काका? बाबा सारखे दाराकडे बघतात."

"रिपोर्ट काढून देतो. त्यापुढचं बोलू नकोस. आईचं भजन स्वतः गाऊन मेलवर पाठवलं होतं मी त्याला. म्हटलं, थोरल्यानंच नमतं घ्यावं. साहेबांनी ब्र काढला नाही. भिंतीपुढे गायलो असतो तर निदान घुमलं तरी असतं."

फोटो मोजकेच निघाले. व्हिडिओ नव्हतेच.

"मग भरलंय काय यात? दगड?" काका पुटपुटले. मेलमधून उतरवलेली फाइल मेलचं ॲप कुठे नेऊन दडवतं ते शोधताना भल्याभल्यांचा जीव जातो. काकाही फोल्डरामागून फोल्डर उघडत आत गेले. अगदी तळाच्या फोल्डरात यादी सापडली.

सगळीकडे एकच नाव होतं. आईचं भजन. पुढे कंसात नुसता आकडा बदलत होता. काकांचा अंगठा सरकत राहिला. यादी संपेना. खाली जावं तशी वर्षं मागे पडत होती. सगळ्यात वरची फाइल, भावाला दवाखान्यात नेलं त्या सकाळची होती.

"हे काय गं?"

"उतरवलेली फाइल कुठे जाते ते बाबांना कधी सापडलंच नाही. ऐकावंसं वाटलं की मेल उघडायचा, पुन्हा उतरवायची. मी चिडायचे त्यांच्यावर. तुम्हाला उत्तर लिहायलाही बसायचे हो ते. पण भजन लागलं की लिहिणं राहून जायचं."

काकांनी चष्मा काढला. मोठ्या देवळात शिरल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, तसा त्यांचा आला. "इतकं ऐकलं त्यानं?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग सगळी यादी निवडून त्यांनी बोट पुसायच्या खुणेवर नेलं.

"अहो, सगळ्या नका काढू! निदान एक ठेवा. ऑपरेशनला आत नेण्याआधी ऐकायची म्हणतील. दवाखान्यात नेट लागत नाही."

काकांनी सगळ्या पुसल्या. जागा झाली. रिपोर्ट सरसर उतरला. तो पुतणीच्या फोनवर पाठवून ते उठले आणि दुकानाचं शटर ओढू लागले.

"फाइल कशाला, पोरी? मी येतोय ना."

आज हात जोडाल तेव्हा त्या धाकट्याची आठवण ठेवा. उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन आहे.