रिकाम्या पोटी

“गाडीत ओकते ना तो, म्हणून रातपासून काहीच नाही देलं त्याले,” भुऱ्याला मागच्या सीटवर चढवत सपना म्हणाली. “अन् काच खाली ठेवजा, बाबा. बाहेर पाहत राह्यला का मळमळत नाही त्याले.”

“वाशीमच्या डॉक्टरले दाखवून आणतो,” पंजाबराव तिच्याकडे न बघता म्हणाले.

शेजाऱ्याचं बकरीचं पिल्लू भुऱ्यानं फाडल्यापासून गाव ऐकत नव्हतं. धनज मागे पडताच त्यांनी काचा वर केल्या, भुऱ्यावर पोतं टाकलं. वाट दिसली की कुत्रं परत येतं.

कारंज्याच्या बऱ्याच पुढे त्यांनी दार उघडलं. भुऱ्या धडपडत उतरला, नुसता फेस ओकला. मग बरं वाटलं असावं. शेपटी हलवत परत दारापाशी येऊन उभा राहिला. दार लागलं होतं.

‘सुटून पळाला.’ घरापर्यंत पंजाबराव एवढंच घोकत आले.

गाडीचा आवाज ऐकून सपना दूधभाकरीची ताटली घेऊन धावतच अंगणात आली.

“लवकर उतरवा त्याले, बाबा. भुकेनं जीव जाऊन राह्यला असंन त्याचा.”