धूर आत घ्यायचा नाही

"बिडीसारखी ओढू नका, पुंजारामभाऊ. धूर आत घ्यायचा नाही," भालचंद्र म्हणाला, पण तोवर उशीर झाला होता. पुंजाराम खोकून खोकून लालबुंद झाला. काचेपलीकडच्या तिन्ही कारकुनांनी माना खाली घातल्या आणि हसू गिळलं.

नवीन जालन्यात पुंजारामची स्वतःची बियाण्यांची कंपनी होती. आज टेबलावरच्या पावत्या बाजूला सारून त्यानं वेगळाच सरंजाम मांडला होता. पाच सिगारांची लाकडी पेटी, टोक कापायची चपटी कात्री, लांब काड्यांची काडेपेटी, जाडजूड काचेचा ॲशट्रे. सगळं भालचंद्रनं मुंबईहून आणलेलं. भालचंद्र बँकेत मॅनेजर, हौस म्हणून अधूनमधून सिगार ओढणारा. पाचांपैकी एक सिगार आधीच वाया गेली होती. "कात्री कशाला? अडकित्ता हाय की," म्हणत पुंजारामनं ती सुपारीसारखी कातरली आणि तिचा पार भुगा केला.

"टोक थोडंसंच कापायचं," भालचंद्रनं पुन्हा दाखवलं. "काडी जरा लांब धरायची, घाई नाही. धूर तोंडात फिरवायचा आणि सोडून द्यायचा."

"आत घ्यायचा न्हाई, मंग मजा काय?"

"लोक बघतात, ही मजा."

"मंग बराबर हाय," पुंजाराम डोळे पुसत म्हणाला. "मला एकाच माणसाला दाखवायची हाय. अकरा वाजता येऊन राह्यला तो."

येणार होते काकासाहेब, पुंजारामचे भावकीतले चुलते. पिंपळगाव रेणुकाईत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. आणीबाणीच्या वर्षी एकोणीस वर्षांचा पुंजाराम पारावर बिडी ओढत बसला होता, आणि चुलते येताना त्याला दिसले नाहीत. काकासाहेब ओरडले नाहीत, हात उगारला नाही. "खा," एवढंच म्हणाले. पेटलेली बिडी त्यानं सगळ्या पारासमोर चावून खाल्ली. पार हसला. महिनाभर त्याला भाकरीचा घास गिळवेना, आणि ते हसू तर बावीस वर्षांत एकदाही गिळवलं नाही.

"पण त्यांच्यासमोर सिगार ओढून काय होणार?" भालचंद्रनं विचारलं. तो शहरात वाढलेला.

"आमच्यात मोठ्या माणसासमोर कोणी ओढत न्हाई, भालचंद्रराव. समोर बसून त्याच्या तोंडावर धूर सोडला की झालं. थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागतं. तो भडकला पायजे. भडकला की शिपायाला सांगून बाहेर काढतो."

काकासाहेब अकराच्या आधीच आले. चपला त्यांनी काचेच्या दाराबाहेर काढल्या. धोतर स्वच्छ होतं, पण अंगावरचा कोट आता दोन मापं मोठा वाटत होता. पुंजाराम उठला नाही. त्यानं सिगार शिकवल्याप्रमाणे पेटवली आणि पाय लांब केले.

"बरा हायेस ना, पुंजाराम?" म्हणत काकासाहेब खुर्चीच्या कडेवर टेकले. मग इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर आले. "आमच्या पोराला, भुजंगला घेऊन आल्तो. खाली उभा हाय. चाळिशी आली, हाताला काम न्हाई. तुझ्या गोदामात कुठंबी लाव त्याला. पोती उचलील."

पुंजारामनं धूर तोंडात फिरवला आणि नेमका त्यांच्या तोंडावर सोडला.

म्हातारा खोकला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं कोटाच्या बाहीनं पुसलं आणि तसाच बसून राहिला. काचेपलीकडे टाइपरायटर थांबले. पुंजारामनं दुसऱ्यांदा धूर सोडला, तिसऱ्यांदा सोडला. पुंजारामला आता संताप आला. बावीस वर्षं जपून ठेवलेली उत्तरं त्याच्या तोंडात तयार होती, आणि हा माणूस साधा रागवायलाही तयार नव्हता.

त्यानं पेटीतली नवी सिगार काढली, कापली, पेटवली आणि टेबलावरून पुढे केली.

"घ्या काका. ओढा."

"पुंजारामभाऊ, पुरे," भालचंद्र हळूच म्हणाला.

"ओढा म्हणलं ना. मंग भुजंगचं बघू."

काकासाहेबांनी सिगारकडे पाहिलं, मग पुंजारामकडे. आता फेकतो बघ तोंडावर, असं पुंजारामला वाटलं. फेकावीच, असंही वाटलं. त्याचा जीव त्यासाठीच टांगणीला लागला होता.

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी सिगार घेतली. खुर्चीवरून उठला आणि भिंतीशी गेला. भिंतीकडे तोंड केलं, पाठ वाकवली, सिगार मुठीत लपवली आणि चोरून घ्यावा तसा एक झुरका घेतला. धूर त्यानं बिडीसारखा आतच ओढला. त्याचे खांदे गदागदा हलले, पण खोकला त्यानं दाबून धरला.

ऑफिसात कुणी हसलं नाही.

"काका," पुंजाराम उठून उभा राहिला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "इकडं या. बसून ओढा की."

काकासाहेबांनी तोंड वळवलं नाही.

"न्हाई मालक," ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुमच्यासमोर कसं ओढू?"