वेलबुट्टीची अक्षरं

"मुक्ता सगळी अक्षरं उलटी काढते, आजोबा. यंदा बालवर्गातच ठेवावी लागेल," बाई म्हणाल्या.

दिगंबरराव नातीच्या पाटीकडे बघत राहिले. कॉम्प्युटर आले आणि सुलतान बाजारातला त्यांचा छापखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी वेलबुट्टीची जुनी लाकडी अक्षरं घरी आणली होती. मुक्ता डोळे मिटून बोट फिरवायची आणि वेलीत मोर बसवलेला म बरोबर ओळखायची. ते हरखून जायचे. जन्मभर ठसे उलटेच वाचल्यामुळे, ते उलटे आहेत हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"पोरीचा दोष नाही हो, बाई. मीच…" दिगंबरराव म्हणाले.

मुक्ताने त्यांचा हात धरला. "आजोबा, बाईंनी अजून छापून कुठं बघितलंय?"