गुप्त्यांचं स्वित्झर्लंड

"हा मी कारंज्यापाशी. हा मी मनोऱ्यापाशी. आणि हा मी गाईपाशी." टीव्हीला पेनड्राइव्ह लावून गुप्ते शेजाऱ्यांना स्वित्झर्लंड दाखवत होते. गुप्त्यांच्या मागून डोकावेल तेवढंच स्वित्झर्लंड दिसत होतं.

"नीलाताई, तुम्ही गेला नव्हतात?" शेजारच्या सबनीसबाईंनी गुप्त्यांच्या पत्नीला विचारलं.

"होती की! नाहीतर माझे फोटो कोण काढणार?" गुप्ते हसले. नीलाताईंनी चिवड्याच्या बशा फिरवल्या. पेनड्राइव्हही अर्थात त्यांनीच भरला होता.

"आता बघा, बर्फाच्या शिखरावर मी कसा चढलो ते!"

पडद्यावर गुप्तेच आले, पण बसमध्ये, कानटोपी घालून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. त्यांनी घाईघाईनं पुढचा फोटो लावला. शिखरावर नीलाताई एकट्याच, हात पसरून खळखळून हसत होत्या.

"हा कुणी काढला?" गुप्त्यांनी विचारलं.

"एका जपानी बाईंनी. तुम्हाला मी हाका मारल्या होत्या हो."

"हा फोटो राहू द्या जरा," म्हणत सबनीसबाईंनी नीलाताईंना शेजारी बसवून घेतलं. साखरेचा डबा कुठे असतो हेही ठाऊक नसलेले गुप्ते मग लगबगीनं चहा टाकायला आत गेले.