सपाट चिकटवलेला स्फटिक

१९७१ साल. कोल्हापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत हेमलता इंगवलेने परीक्षानळीतल्या जेलमध्ये शिशाच्या आयोडाइडचे सोनेरी, थराथरांचे स्फटिक वाढवले होते. त्यांतून जाताना प्रकाश दुभंगतो, एवढं दाखवलं की तिच्या शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळणार होती.

परीक्षक येणार म्हणून तिने सर्वांत देखणा पापुद्रा काचपट्टीवर सपाट चिकटवला. परीक्षकांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली, एकमेकींना आडव्या लावून प्रकाश अडवणाऱ्या दोन पोलरॉइड चकत्यांमध्ये गोल फिरवून पाहिला. प्रकाश दुभंगला असता तर उजेड दिसला असता. दिसला नुसता अंधार.

“बाई, दागिन्यात छान दिसेल हा,” असं हसून म्हणत, नकार देऊन ते निघाले.

हेमलता एक तुटका तुकडा चिमट्यात धरून पोलरॉइडांमधून बघत बसली. हात जरा कलला आणि पिवळाधमक उजेड फुटला. ती मला म्हणाली,

“अगं, थरांवर सरळ पडलेला प्रकाश दुभंगतच नाही! तिरका धरायला हवा होता, आणि मी शहाणी नीटनेटका चिकटवून बसले!”

आम्ही फाटकापर्यंत धावलो. गाडी गेली होती. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, “आता परीक्षकांना खोटं पाडू का मी?”

परीक्षक पुढे कुलगुरू झाले. सर मुलाकडे अमेरिकेत गेले. हेमलता जतच्या शाळेत गणित शिकवत म्हातारी झाली. तिची रिकामी झालेली शिष्यवृत्ती मला मिळाली, आणि त्याच स्फटिकांवर मी पीएच.डी. केली. ती वारेपर्यंत मला “काय डॉक्टरीणबाई!” अशी हाक मारायची. मी त्या हाकेत टोमणा शोधायचे. तो कधीच नसायचा.