गिळली, बाईसाहेब

बाबांच्या हृदयाला पंप बसवला होता. त्या पंपाने आणि औषधाने फुफ्फुसांतला दाब उतरला, की नव्या हृदयाच्या यादीत त्यांचं नाव लागणार होतं आणि मी माझ्या नोकरीवर, माझ्या शहरात परतणार होते. रोज सकाळी मी त्यांच्या हातावर दाबाची गोळी ठेवायचे. पाणी पिऊन ते जीभ दाखवायचे. "गिळली, बाईसाहेब. झडती घ्यायचीय?"

दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची आणि दाब चढलेलाच निघायचा. मी गॅलरीत जाऊन रडायचे, मग ऑफिसला फोन करून रजा वाढवायचे. बाबा म्हणायचे, "म्हणजे आणखी तीन महिने माझ्या बोकांडी!"

चौथ्या तपासणीआधीच पंपात गुठळी अडकली आणि ते गेले.

आज पंपाच्या बॅटऱ्या हॉस्पिटलला परत करायला बाबांच्या खांद्याला कायम असायची ती पिशवी रिकामी केली. आतल्या कप्प्यात कागदाच्या तीन पुड्या निघाल्या. प्रत्येकीत त्याच सात गोळ्या, आणि वर बाबांच्या अक्षरात 'तपासणीआधीचा आठवडा' असं लिहून तारीख.



तळाशी चौथी पुडी होती, रिकामी. तारीख मात्र घालून ठेवलेली होती.